पोचतं का? सर्वपित्रीच्या आसपासचं ठाणं

शुक्रवार, भाद्रपद वद्य त्रयोदशी

मिरजेहून रात्री बसलं की पहाटे कल्याण. तिथून लोकलने ठाणं, आणि स्टेशनपासून नौपाड्यापर्यंत पिशवी खांद्याला लावून पायी. 2025च्या पितृपक्षात मी अशी दादाकडे गेले ती अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, पक्षाला. मिरजेचं घर विकल्यापासून पक्ष दादाच करतो, आम्ही बहिणी जमेल तशा जातो. या वेळी रजा जरा सैल हाताने घेतली होती, कारण ठाण्यात मला भटकायचं होतं. तलावपाळी ते टेंभी नाका या एवढ्याशा टापूत कोपिनेश्वर, पोर्तुगीज अमदानीतलं चर्च, पारशांची अग्यारी, जैन मंदिर आणि ज्यूंचं सिनेगॉग असं सगळं दाटीवाटीने नांदतं. ठाणेकर रोज तिथून भाजी घेऊन जातात, त्यांना त्याचं काही वाटत नाही. बाहेरच्याला वाटतं.

गुरुजी साडेदहाला आले. पंधरवड्यात त्यांना मान वर करायला फुरसत नसते, तरी काम नीट केलं. दादाने जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, बोटात दर्भाचं पवित्रक, समोर पत्रावळीवर भाताचे तीन पिंड आणि काळे तीळ. तर्पणाचं पाणी बोटांच्या टोकांवरून सोडायचं नसतं. अंगठा आणि तर्जनीच्या मधून, तळहात कलता करून सोडायचं, तीळ त्याच्याबरोबर वाहत जातात. दादाचे दोन-चार तीळ तळव्यालाच चिकटून राहत होते आणि तो ते दुसऱ्या हाताने न काढता पुन्हा पाणी घेऊन घालवत होता. अण्णा हेच असंच करायचे.

भाचा नववीत आहे. वडे तळण्याच्या वासाने स्वयंपाकघर आणि बैठक यांच्या मध्ये घुटमळत होता. त्याने सरळ गुरुजींनाच विचारलं, "पण हे आजोबांना पोचतं का?"

दादाने डोळे वटारले, पण गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "संकल्पात काय म्हटलं मी? वसुरूप, रुद्ररूप, आदित्यरूप. बाप, आजा, पणजा. आपण देतो ते या देवतांना देतो. तुझे आजोबा आत्ता कुठल्या जन्मात आहेत ते तुला-मला ठाऊक नाही, त्यांना आहे. ते देव झाले असले तर अमृत होऊन मिळतं, गाय-बैल झाले असले तर गवत होऊन मिळतं. मत्स्यपुराणात आहे."

उत्तर चोख होतं, पण प्रश्नही साधा नव्हता. गीतेचंच घ्या. पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो, कुळाचा नाश झाला की पिंड आणि पाणी बंद होतं आणि पितर खाली पडतात. लगेच दुसऱ्या अध्यायात कृष्ण सांगतो की जुनं वस्त्र टाकून नवं घ्यावं तसा देही दुसरं शरीर घेतो. दुसरं शरीर मिळालेला बाप पिंडाची वाट कशाला बघेल? पितृलोकाची कल्पना वेदांइतकी जुनी, पुनर्जन्माची नीट मांडणी उपनिषदांत आलेली, आणि आपण दोन्ही एकाच पानात वाढून घेतलं. छांदोग्यात तर दोन वाटाच आखून दिल्यात: ज्ञान्यांची देवयान, तिथून परत येणं नाही. यज्ञ-दान करणाऱ्यांची पितृयान, ती चंद्रापर्यंत जाते आणि पुण्य संपलं की पावसातून, धान्यातून पुन्हा इथेच.

चार्वाकांनी यावर जी टवाळी केली ती मी भाच्याच्या कानात सांगितली: इथे जेवू घातलेलं मेलेल्याला पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याबरोबर शिदोरी कशाला द्यायची? घरी कुणाला तरी वाढा, वाटेत त्याचं पोट भरेल! गुरुजींचे कान तिखट. "सर्वदर्शनसंग्रहात आहे ते," म्हणाले, "आम्हीही वाचलंय." आणि दक्षिणा घेऊन पुढच्या घरी गेले.

पान गच्चीवर ठेवलं. खीर, उडदाचे वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत. नौपाड्यात कावळे उरलेत किती कोण जाणे, कबुतरं मात्र ढिगाने. वहिनी टॉवेल घेऊन कबुतरं हाकलत उभी, आणि कावळा समोरच्या टॉवरच्या एसीवर बसून सगळं बघतोय. शेवटी आला, पण आधी वडा उचलला. अण्णाही तेच करायचे, असं दादा म्हणाला, आणि कुणालाही ते खोटं वाटलं नाही.

संध्याकाळी कोपिनेश्वर. पिंडी एवढी मोठी की मागच्या रांगेतूनही दिसते. पंधरवड्यामुळे जांभळी नाक्याच्या बाजारात फुलांपेक्षा दर्भ आणि केळीची पानं जास्त.

घरी परतलो तर दादाचे जुने सहकारी आलेले. मूळचे म्हसळ्याचे कोकणी मुसलमान, राहतात मुंब्र्याला. आम्ही सगळे त्यांना भाई म्हणतो. जुम्म्याचा नमाज झाल्यावर वडिलांच्या कबरीवर जाऊन आले होते. भाच्याने तोच प्रश्न त्यांनाही टाकला. या मुलाचं हे बरं आहे, भीड नाही.

भाई म्हणाले, "आमच्याकडे परत जन्म नाही रे बाबा. एकदाच. कबरीत मुनकर आणि नकीर येतात, तीन गोष्टी विचारतात: तुझा रब कोण, तुझा दीन, म्हणजे धर्म, कुठला, तुझा नबी, म्हणजे प्रेषित, कोण. मग कयामतीपर्यंत बरजख. मधला काळ म्हण. त्या दिवशी सगळे उठणार आणि हिशोब होणार."

"मग कबरीवर जाऊन काय करता?"

"सलाम करतो. कबरवाल्यांनो, तुमच्यावर सलामती असो, आम्हीही येतोच आहोत. आणि दुआ मागतो. माणूस मेला की त्याचं खातं बंद होतं, तीन गोष्टी सोडून: त्याने केलेलं चालू राहणारं दान, म्हणजे विहीर वगैरे. त्याने शिकवलेलं ज्ञान. आणि त्याच्यासाठी दुआ मागणारी नेक औलाद. हदीस आहे. आता गेलेल्याच्या नावाने फातेहा पढणं, चाळीसावा दिवस करणं म्हणशील तर आमच्या एका बिल्डिंगमध्ये दोन मतं आहेत. तळमजल्यावरचे करतात, त्याचं पुण्य पोचतं म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणतात, हे दीनात नाही. दुआ दोघंही मागतात." एवढं बोलून त्यांनी खिरीची वाटी पुढे केली. दुसऱ्यांदा.

शनिवार, चतुर्दशी

शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांचं श्राद्ध चतुर्दशीला करतात. मनात ते धरूनच मी सकाळी तलावपाळीच्या काठावरच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये शिरले, कारण ठाण्याच्या इतिहासात असे चार जण आहेत ज्यांची आठवण इथले लोक फारशी काढत नाहीत.

साल 1321. पोर्तुगीज यायला अजून जवळपास दोनशे वर्षं. फ्रान्सिस्कन पंथाचे चार साधू, त्यांतला थोर तोलेंतिनोचा थॉमस, चीनच्या वाटेवर होते. समुद्राने त्यांना ठाण्यात आणून टाकलं. इथे तेव्हाही सीरियन पंथाची चार-दोन ख्रिस्ती घरं होती, त्यांतल्या एकात ते उतरले. पुढे काजीसमोर धर्मावर वाद झाला, बोलू नये ते बोललं गेलं, आणि एप्रिल महिन्यात चौघांचाही जीव गेला. त्यांचा सोबती जॉर्डेनस दुसरीकडे गेला होता म्हणून वाचला, त्याने शवं सोपाऱ्याला नेऊन पुरली. त्यानंतर थोड्याच काळात ओडोरिक नावाचा दुसरा एक साधू आला. त्याने ती हाडं उकरली, गाठोड्यात बांधली आणि जहाजाने थेट चीनमधल्या झायतून बंदरापर्यंत नेली.

आपण अस्थी विसर्जन करून मोकळे होतो. हे लोक हाडं घेऊन अर्धं जग पार करतात. त्यामागे त्यांची श्रद्धा आहे: शेवटच्या दिवशी मृत उठतील ते शरीरासकट, म्हणून संतांच्या शरीराचा कणही मोलाचा. आत्मा एक शरीर सोडून दुसऱ्यात जातो हे ख्रिस्ती चर्चला मान्य नाही. माणसाने एकदाच मरायचं आणि मग न्याय, असं बायबलमधल्या इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट आहे.

चर्चच्या आवारात फलकावर त्या आठवड्यातल्या मिस्सांची, म्हणजे चर्चमधल्या उपासनांची, यादी लागलेली. बऱ्याच नावांपुढे वर्षश्राद्धाची खूण. मी वाचत उभी होते तेव्हा शेजारी मेणबत्ती घेऊन आलेल्या, पांढरा फ्रॉक घातलेल्या आजी म्हणाल्या, "कुणाची मिस्सा सांगायची आहे का ग?" नाही म्हटलं, नुसतीच बघतेय. त्यांनी नवऱ्याच्या नावाची सांगितली होती. त्यांचं म्हणणं असं: स्वर्गात थेट जाण्याइतके आपण कोण लागून गेलो? आणि नरकात जाण्याइतका तोही वाईट नव्हता. मध्ये शुद्धी होण्याची जागा आहे, तिथे असेल, तर इथून मिस्सा आणि प्रार्थना केली की त्याचा वेळ कमी होतो. कॅथलिक चर्च 2 नोव्हेंबरचा दिवस खास अशा आत्म्यांसाठी ठेवतं, त्या दिवशी दफनभूमीत फुलं आणि मेणबत्त्यांची रीघ लागते. मार्टिन लूथर 1517 साली बिघडला तो नेमका याच प्रकरणावर, मृतांची सुटका पैशाने विकत मिळू लागली तेव्हा. बहुतेक प्रोटेस्टंट लोक मेलेल्यासाठी प्रार्थना करत नाहीत. त्यांच्या मते दार बंद झालं की झालं.

तिथून टेंभी नाका. अग्यारीत पारशांखेरीज कुणाला प्रवेश नाही, फाटकावर तसं लिहिलेलं आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. प्रत्येक ठिकाणी आत डोकावलंच पाहिजे असं थोडंच आहे. बाहेरच्या भिंतीला टेकून नारळपाणी प्यायले. एवढं मात्र सांगते: पितृपक्ष ही फक्त आपली मिरास नाही. पारशी वर्षाचे शेवटचे दहा दिवस मुक्तादाचे, ते यंदा ऑगस्टमध्येच होऊन गेले. त्या दिवसांत गेलेल्यांचे फ्रवशी, म्हणजे आत्मे, घरी येतात. अवेस्ता या त्यांच्या धर्मग्रंथातल्या फरवर्दीन यश्त या स्तोत्रात ते येऊन विचारतात, आमची स्तुती कोण करील, आम्हाला अन्नवस्त्र कोण अर्पण करील? पितर दाराशी येऊन उभे राहतात असं माझी आजी सांगायची ते हेच.

बाकी त्यांचा हिशोब वेगळा. प्राण गेल्यावर तीन रात्री आत्मा शरीराजवळ घुटमळतो, चौथ्या पहाटे चिनवत पुलावर पोचतो. तिथे त्याला एक स्त्री भेटते. चांगलं वागलेल्याला सुंदर तरुणी, वाईट वागलेल्याला किळसवाणी म्हातारी. "तू कोण?" असं विचारलं की ती म्हणते, "मी तुझंच आचरण." पुण्यवानासाठी पूल रुंद होतो, दुसऱ्यासाठी पात्यासारखा अरुंद. आणि शेवटी, जगाचा अंत येतो तेव्हा, डोंगरांतला धातू वितळून नदीसारखा वाहतो, सगळ्यांना त्यातून जावं लागतं. सज्जनाला ते कोमट दुधासारखं वाटतं. दुर्जनाला भाजतं, पण तोही धुऊन निघतो. कायमचा नरक कुणालाच नाही. वाचलेल्या सगळ्या शेवटांमध्ये मला हा शेवट सर्वांत उदार वाटतो.

मुनिसुव्रतस्वामींच्या जैन मंदिराला कोकण शत्रुंजय म्हणतात. श्रीपाळ राजाची कथा ठाण्याशी जोडलेली आहे आणि सिद्धचक्राची पूजा त्याच कथेतून आलेली, म्हणून लांबलांबून लोक येतात. मूर्ती काळी, लांछन, म्हणजे तीर्थंकरांची ओळखखूण, कासवाचं. पेढीवर बसलेले काका पावत्या फाडत होते. मी विचारलं, तुमच्यात श्राद्ध नसतं ना?

"नाही, बेन. कुणाला घालायचं? जीव शरीर सोडतो आणि दुसरं घेतो, मध्ये डोळ्याची पापणी लवायलासुद्धा वेळ नाही. एक, दोन, फार तर चार समय. एका पलकेत असे असंख्य समय. तुम्ही लाडू वळताय तोवर तो कुठेतरी जन्मून गेला. आणि कर्म ज्याचं त्याचं. मुलाने दिलेलं बापाच्या खात्यात जमा होत नाही."

पटकन बोलून पुन्हा पावती. मी थांबले. ते स्वतःच पुढे म्हणाले, मोक्ष मिळाला की जीव हलका होऊन विश्वाच्या माथ्यावर, सिद्धशिलेच्या वर जाऊन राहतो, तो परत येत नाही आणि कुणाचं काही ऐकतही नाही. मग तुम्ही मूर्तीकडे मागता काय? "मागत नाही. तसं व्हायचंय म्हणून बघतो." आणि सध्या तेही बंद आहे! जंबूस्वामींनंतर या भरतक्षेत्रातून या काळात कुणाला मोक्ष नाही. जैनांच्या विश्वरचनेतल्या महाविदेह या दुसऱ्या क्षेत्रात सुरू आहे, तिथे जन्म मिळावा अशी खटपट करायची.

बाईला मोक्ष आहे का, हे विचारल्याशिवाय मी कशी राहणार! काका हसले. "आम्ही श्वेतांबर. आमच्याकडे एकोणिसावे तीर्थंकर मल्लीनाथ बाईच होत्या. दिगंबरांना विचाराल तर ते म्हणतील, आधी पुरुषाचा जन्म घ्या." पुरुषजन्माची मला हौस नाही, असं मी म्हटलं, तेव्हा शेजारचा मुनीमही हसला.

रविवार, सर्वपित्री अमावास्या

तीन हात नाक्याजवळच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला भाचा बरोबर आला. दुसरी पोळी घेताना दोन्ही हात पुढे करायचे, हे त्याला समोरच्या सरदारजींनी खुणेनेच शिकवलं. डाळ झकास होती. शीख पुनर्जन्म मानतात, चौऱ्याऐंशी लक्ष योनीही मानतात, सुटका मात्र गुरूच्या नामाने आणि त्याच्या कृपेने, ज्योतीत ज्योत मिसळल्यासारखी. श्राद्धाचं नाव काढलंत तर आसा दी वार म्हणा! त्यात गुरू नानक म्हणतात: चोराने घर फोडलं आणि तो माल पितरांना वाहिला, तर परलोकात तो माल ओळखला जातो, बिचारे पितर चोर ठरतात, आणि मध्यस्थी करणाऱ्या दलालाचे हात तोडले जातात. पुढे मिळतं तेच, जे स्वतः कष्टाने मिळवून दिलं. हरिद्वारची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. लोक पूर्वेला पितरांना पाणी देत होते, नानक पश्चिमेला ओंजळी टाकू लागले. काय करताय, तर पंजाबात शेताला पाणी देतोय. एवढ्या लांब कसं पोचेल? पितरांपर्यंत पोचतं तर माझं शेत जवळच आहे की. चार्वाकाची शिदोरी आणि नानकांची ओंजळ, युक्तिवाद एकच. फरक एवढाच की चार्वाक त्यावरून परलोकच नाही असं म्हणाला, आणि नानक देवाकडे वळले.

आणखी एक गोष्ट मराठी माणसाला ठाऊक असावी. ग्रंथसाहिबात नामदेवांची पदं आहेत हे आपण अभिमानाने सांगतो, त्रिलोचनांचं नाव विसरतो. शीख परंपरा त्यांना बार्शीचे मानते. त्यांचं एक पद पुनर्जन्माचा दरफलकच आहे: मरताना धन आठवलं तर साप, मुलंबाळं आठवली तर डुकराचा जन्म, घरदार आठवलं तर भूत. नारायण आठवला तरच मुक्ती. मिरजेचं घर विकताना मी जेवढी रडले तेवढ्यावरून माझं काय होणार हे स्पष्ट आहे.

दुपारी ठाणे-वाशी लोकलने ऐरोली. भाचा कानात इयरफोन घालून झोपला आणि मी खिडकीशी बसून ठाण्यात ऐकलेलं लावून बघत होते. धर्मांची विभागणी आपण नेहमी अशी करतो: इकडचे पुनर्जन्म मानणारे, तिकडचे एकच जन्म मानणारे. भाच्याच्या प्रश्नाने मात्र वाटणी निराळीच झाली. एकाच जन्मावर श्रद्धा असलेल्या चर्चमधल्या आजी आणि भाई म्हणतात, पोचतं. पुनर्जन्म मानणारे जैन काका म्हणतात, पोचत नाही, आणि नानकही तेच म्हणतात. बहुतेक प्रोटेस्टंट त्यांच्या बाकावर. आपले गुरुजी मात्र परत जन्मही मानतात आणि पिंडही पोचवतात, तोही गवत करून. दुसऱ्याच्या मेल्या माणसासाठी आपण काही करू शकतो का, हा प्रश्न मेल्यावर काय होतं यापेक्षा मला जवळचा वाटतो. पहिल्याचं उत्तर आपल्या वागण्यात दिसतं.

ऐरोलीला सेक्टर 15मध्ये डॉ. आंबेडकरांचं स्मारक आहे. पांढऱ्याशुभ्र संगमरवराचा घुमट, आत छायाचित्रांतून उलगडत जाणारं आयुष्य आणि ग्रंथालय. सर्वपित्रीला इथे यायचं मी मुद्दाम ठरवलं होतं. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली एक सरळ अशी आहे की मी श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. लाखो घरांतून हा पंधरवडा एका दिवसात पुसला गेला. दुसऱ्या कुठल्याही सुधारकाला हे इतकं जमलेलं नाही, आगरकर-लोकहितवादी लिहून लिहून थकले.

पुनर्जन्माचा प्रश्न त्यांनी टाळला मात्र नाही. त्यांच्या निधनानंतर 1957 साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धावरच्या ग्रंथात ते विचारतात: पुनर्जन्म कशाचा आणि कुणाचा? आत्मा नाहीच, तर आत्म्याचा नाही. शरीर म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू. ती द्रव्यं विखुरतात, आपापल्या साठ्यात मिसळतात आणि पुन्हा कुठेतरी एकत्र येतात. पण तोच माणूस परत येतो, मागच्या जन्मीच्या पापामुळे या जन्मी दरिद्री होतो, हे त्यांना साफ अमान्य. ते का, हे कळायला फार विद्वत्ता लागत नाही. ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांना "गेल्या जन्मीचं भोगा" एवढंच उत्तर मिळालं, तो हे उत्तर दुसऱ्याला कसं देईल? निर्वाणही त्यांनी मरणापलीकडून उचलून इथे, जगण्यात आणलं. विकारांवर ताबा मिळवून नीट जगता येणं ते निर्वाण. श्रीलंका, थायलंडसारख्या थेरवादी बौद्ध देशांतले भिक्खू याच्याशी सहमत होत नाहीत, तिकडे पुनर्जन्म ठणठणीत आहे. खुद्द बुद्धाला विचारलं होतं, तथागत मरणानंतर असतो की नसतो? त्याने उत्तर दिलं नाही.

ग्रंथालयाबाहेर बाकावर एक निवृत्त मास्तर बसले होते, गाव माणगाव तालुक्यातलं. मी कशासाठी फिरतेय ते सांगितल्यावर म्हणाले, "ताई, पक्ष आम्ही करत नाही. पण माणूस गेल्यावर जलदान विधी आणि पुण्यानुमोदन करतो. भंते येतात, त्रिसरण-पंचशील होतं, गेलेल्याच्या नावाने दान देतात. आमच्या आईच्या वेळी गावातल्या शाळेला वह्या दिल्या."

"त्याचं पुण्य आईंना पोचतं?"

"वह्या पोरांना पोचतात," मास्तर म्हणाले.

येताना भाचा जागा होता. त्याने विचारलं, आत्या, मग आपल्यात मोक्ष नको असलेला कुणी आहे का? आहे की, तुकोबा. मुक्ती, धन, संपदा काही नको, संतांचा संग दे, आणि मग खुशाल गर्भवासात घाल, असं देवाला ठणकावून सांगतात. सगळी दर्शनं ज्याच्यातून सुटायला धडपडतात, तिथेच हा माणूस तिकीट मागतो. "भारी आहे," भाचा म्हणाला आणि इयरफोन परत घातले.

सोमवार, घटस्थापना

सिनेगॉगसाठी आधीच फोन करून विचारून ठेवलं होतं. संध्याकाळी रोश हशाना, त्यांचं नवं वर्ष सुरू होणार, म्हणून सकाळी लवकर या असं सांगितलेलं. दाराशी पोलीस, ओळखपत्राची नोंद. शार हाशामाइम, 1879 साली बांधलेलं. आत मधोमध लाकडी कठड्याचा चौथरा, भिंतीत पूर्वसुरींच्या नावांच्या पाट्या, त्यावर आडनावं सगळी आपल्याकडची, गावावरून पडलेली, शेवटी कर. कोकणच्या किनाऱ्याला जहाज फुटून आलेले, तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. बेने इस्रायलींची ही हकिगत आता बऱ्याच जणांना माहीत असते.

दिवे पुसत असलेले काका सत्तरीचे. बोलणं अस्सल अलिबागकडचं. मी प्रश्न विचारला तशी त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं.

"रोजच्या प्रार्थनेत आम्ही म्हणतो की तो मेलेल्यांना उठवणारा आहे. रामबामने, म्हणजे मैमोनिडीसने, धर्माची 13 तत्त्वं सांगितली त्यांतलं शेवटचं तेच. पण कसं उठवणार, कधी, त्याच्यावर आमच्यात वाद घालायला बंदी नाही. कब्बालावाले, म्हणजे आमच्यातले गूढवादी, पुनर्जन्मही मानतात, गिलगुल म्हणतात. मी नाही मानत. माझा साडू मानतो. तो इस्रायलला गेल्यापासून जास्तच."

"आणि मेलेल्यासाठी काही करता?"

"सात दिवस घरात खाली बसायचं. आणि मुलाने कद्दीश म्हणायची. त्यात मरणाचं नावसुद्धा नाही, नुसती देवाची थोरवी. अकरा महिने."

"अकराच का? वर्ष का नाही?"

काकांनी आजूबाजूला बघितलं. "वाईट माणसाचा निवाडा बारा महिने चालतो. बारावा महिनाही म्हटली, तर माझा बाप तसला होता असं मी चारचौघांत कबूल केल्यासारखं होईल ना! म्हणून एक महिना आधी थांबायचं. बापाची अब्रू."

मी मोठ्याने हसले आणि ते माझ्याहून मोठ्याने.

मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठी मला ठाण्यात राहिल्याचं सार्थक वाटलं. दहा दिवसांनी किप्पूर, उपासाचा आणि क्षमा मागायचा दिवस. सगळे पांढऱ्या कपड्यांत येतात. यंदा तो 2 ऑक्टोबरला, म्हणजे नेमका दसऱ्याला. त्याच्या दुसऱ्या दिवसाला जुनी माणसं शिळा सण म्हणायची. काकांची आजी सांगायची की किप्पूरला घरातले गेलेले आत्मे भेटायला येतात आणि शिळ्या सणाला परत जातात. त्या दिवशी दानधर्म करायचा, नातेवाइकांकडे जायचं. "रब्बींना विचारलंत तर ते म्हणतील हे कुठल्याच पुस्तकात नाही," काका म्हणाले. "बाकीच्या जगातल्या ज्यूंना ठाऊकच नाही. आमच्या आज्यांनी इथे तुमच्या आज्यांच्या शेजारी राहून ठरवलेलं असणार."

त्यांना बरंच काम होतं. साडेअकराच्या सुमाराला बाहेरून ढोलांचे पहिले ठोके ऐकू आले, टेंभी नाक्याच्या देवीच्या मांडवात तयारी सुरू झालेली. काका मला फाटकापर्यंत सोडायला आले.

"आता लगेच निघा. दुपारनंतर कळव्याहून देवी निघते, मग इथला रस्ता बंद. रिक्षा मिळणार नाही, स्टेशनपर्यंत चालतच जावं लागेल. आम्हालाही संध्याकाळी प्रार्थनेला त्या मिरवणुकीतूनच वाट काढत यायचंय, दरवेळी कुणाच्या तरी पांढऱ्या टोपीला गुलाल लागतो."